मथळ्याला माप विचारा



पावसाळ्यात कोल्हापुरात माणूस माणसाला भेटला की पहिला प्रश्न येतो, 'किती फूट?' राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी किती फुटांवर आहे, एवढाच त्याचा अर्थ. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्या वर गेले. त्यानंतर दर जुलैला मोबाईलवर बातम्यांची आरडाओरड सुरू होते. कोल्हापूरला महापुराचा विळखा, पंचगंगेचे रौद्र रूप, काळजात धडकी भरवणारे दृश्य. कोल्हापूरचा माणूस हे वाचतो आणि तरीही विचारतो, 'ते असू दे, किती फूट?' छत्तीस असेल तर तो धार काढायला गोठ्यात जातो. एक्केचाळीस असेल तर जनावरे उंचावर हलवतो. मथळा काय म्हणतो याच्याशी त्याला देणेघेणे नाही. पुराने त्याला हे शहाणपण शिकवले आणि त्याची किंमतही वसूल केली.

आमचे म्हणणे एवढेच आहे की कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यानेही हाच प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. भावाची बातमी आली, किती क्विंटल? मदतीची बातमी आली, एकरी किती? पावसाची बातमी आली, किती मिलिमीटर? हा प्रश्न न विचारता जो मोबाईलवरच्या मथळ्यावर घरातला माल काढतो किंवा घरात दाबून ठेवतो, त्याची लूट करायला व्यापाऱ्याची गरज उरत नाही. ते काम मथळाच फुकटात करून देतो.

मथळा कोणासाठी पिकतो?

छापील वर्तमानपत्र विकत घेताना आपण रुपये मोजत होतो. त्यातही खोटेनाटे छापून येत होते, नाही असे नाही. पण अंक हातात आल्यावर मथळा आणि बातमी एकाच पानावर असायची. मथळा फसवा असला तर खालच्या चार ओळींत उघडा पडायचा. मोबाईलवरच्या बातमीचे तसे नाही. तिथे आधी फक्त मथळा दिसतो. बातमी त्याच्या पोटात, बोट लावल्यावर उघडणार. तुम्ही बोट लावले की जाहिराती दिसतात, आणि जाहिरात दिसली की बातमीवाल्याच्या गल्ल्यात पैसा पडतो. बातमी खरी निघाली की खोटी, पुरी वाचली की अर्धी, याने त्या पैशात फरक पडत नाही. तेव्हा मथळा लिहिणाऱ्याचे पीक म्हणजे तुमचे बोट. त्याला तुमच्या कापसाशी कर्तव्य नाही.

म्हणून तालुक्याच्या वार्ताहराला शिव्या देऊन उपयोग नाही. बऱ्याचदा तो बिचारा बाजार समितीत जाऊन आवक आणि दर नीट लिहून पाठवतो. त्यावर मथळा चढवणारा दुसराच असतो. तो शहरात बसलेला, कापसाचे बोंड कधी हातात न घेतलेला, आणि आज किती जणांनी बोट लावले या हिशोबावर त्याची नोकरी. तो 'आवक वाढल्याने दर स्थिर' असे लिहीत नाही. तो लिहितो, 'कापूस उत्पादकांसाठी मोठी बातमी'. मोठी कोणती ते आत. आत गेल्यावर कळते की बातमी मोठी नाही आणि पुष्कळदा बातमीच नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

एका गाडीचा भाव

भावाच्या मथळ्यांची युक्ती समजून घ्या. बाजार समितीचा दिवसाचा पत्रक चार आकड्यांचा असतो. आवक, किमान दर, कमाल दर आणि सरासरी दर. मथळ्यात कोणता येतो? फक्त कमाल. तो दर एखाद्या गाडीला मिळालेला असतो, पहिल्या वेचणीच्या, कोरड्या, लांब धाग्याच्या मालाला. बाकीच्या शंभर गाड्या किमान आणि सरासरीच्या मध्ये विकल्या गेल्या, हे मथळ्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असले तरी सांगायचे नसते.

मुहूर्ताच्या सौद्याचे तर विचारूच नका. कोल्हापूरच्या बाजार समितीत दिवाळी पाडव्याला गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त होतो. पूजा होते, नारळ फुटतो, पहिल्या रव्याला चढा दर पुकारला जातो. तो मान आहे, भाव नव्हे. गूळ उत्पादकाला हे ठाऊक आहे, म्हणून तो त्या दरावर पोरीचे लग्न ठरवत नाही. कापसाच्या हंगामातही पहिल्या गाडीचा हार घालून सत्कार होतो आणि तिला चढा दर दिला जातो. त्या दराचा फोटो मोबाईलवर महाराष्ट्रभर फिरतो आणि दीडशे कोसांवरचा शेतकरी म्हणतो, तिकडे एवढा मिळतो, मग मी इथे का विकू?

याची किंमत आपण मोजलेली आहे. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, काही ठिकाणी बाराही हजार दिसले. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२२-२३ मध्ये, हंगामाच्या सुरुवातीपासून भाव पुन्हा दहा हजारांवर जाणार का, अशा धर्तीच्या मथळ्यांचा रतीब लागला. लोकांनी कापूस घरात भरला. खोल्या भरल्या, माणसे ओसरीवर झोपली, पोराबाळांच्या अंगाला खाज सुटली. उन्हाळा संपत आला तेव्हा भाव सात हजारांच्या आसपास होता आणि खरिपाच्या बियाण्यासाठी पैसा हवाच होता. मग विकला. जगातली मागणी, सुताचे दर, सरकीचा भाव, हे सगळे उतरत होते. ती माहितीही त्याच मोबाईलवर होती, पण तिला मथळा नव्हता.

माल थांबवून धरणे चूक नाही. तो शेतकऱ्याचा हक्क आहे आणि ताकद असेल तेव्हा तो बजावलाच पाहिजे. पण माल थांबवायचा तो हिशोबावर. प्रश्नचिन्हावर थांबवायचा नाही.

प्रश्नचिन्हाची खुंटी

हे प्रश्नचिन्ह नीट ओळखून ठेवा. कापूस दहा हजार होणार? कर्जमाफी याच आठवड्यात? तुमच्या खात्यात दुप्पट पैसे? असे लिहिले की लिहिणारा मोकळा. त्याने काही सांगितलेच नाही, फक्त विचारले. इंग्लंडमधला इयन बेटरिज नावाचा एक पत्रकार २००९ साली लिहून गेला की ज्या मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असते त्याचे उत्तर 'नाही' असे देऊन मोकळे व्हावे. कारण उत्तर 'होय' असते तर त्याने प्रश्न विचारलाच नसता, सरळ सांगितले असते. तिकडच्या शहाण्या वाचकांना हा नियम तोंडपाठ आहे. आपणही पाठ करावा. पीठ मळण्याआधी चाळण लावतो तशी ही चाळण लावली तरी निम्मा कचरा वर राहील.

कोटींचा मथळा, हजारांचा हिशोब

सरकारी घोषणांचे मथळे हा दुसरा प्रकार. इथे आकडा खराच असतो, आणि फसवणूकही त्याच आकड्याने होते.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अतिवृष्टीनंतर राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. मोबाईलवर दोन दिवस तोच आकडा. मुंबई-पुण्यातल्या माणसाला वाटले, शेतकऱ्याची चांदी झाली. आता माप लावा. कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाट्याला हेक्टरी १८,५००. त्यातले ८,५०० आपत्तीच्या ठरलेल्या निकषाचे आणि १०,००० रब्बीच्या बियाणे-खतासाठी. म्हणजे एकरी साडेसात हजारांच्या आत. पॅकेजच्या त्या मोठ्या आकड्यात पायाभूत सुविधांचे १०,००० कोटीही मोजलेले होते. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी साडेतीन लाखांच्या जवळपास मदत असे ठळक आले. त्यात रोख ४७,००० आणि उरलेले ३ लाख रोजगार हमीच्या कामांतून, हे बारीक आले. मदत देऊ नये असे आम्ही म्हणत नाही. पण 'कोरडवाहूला एकरी साडेसात हजार' हा मथळा कोणी का लावला नाही, हे विचारण्याचा आम्हाला हक्क आहे.

सन्मान निधीचेही तेच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विसावा हप्ता सुटला तेव्हा मथळा झाला २०,५०० कोटींचा. देशातल्या ९ कोटी ७० लाख शेतकऱ्यांत वाटल्यावर पासबुकात पडले २,०००. २०१९ साली योजना सुरू झाली तेव्हा वर्षाला ६,००० होते, २०२५ सालीही ६,०००च. या सहा वर्षांत खताच्या गोणीचे आणि मजुरीचे काय झाले, याचा मथळा दर चार महिन्यांनी निघत नाही.

हमीभावाचा मथळा तर दरवर्षी छापूनच ठेवलेला असतो. 'उत्पादन खर्चाच्या दीडपट'. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये जाहीर झाले. संकरित ज्वारीला ३,६९९ आणि मालदांडीला ३,७४९. आता दीडपट कशाची ते पाहू. कापसाचा खर्च धरला क्विंटलला ५,१४० आणि ज्वारीचा २,४६६. या खर्चात हातातून गेलेला पैसा आणि घरच्या माणसांची मजुरी आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरचे व्याज यात नाही. स्वतःची जमीन कसणाऱ्याची जमीन फुकट, असा हा हिशोब. कारखानदाराला कोणी सांगेल का, की तुझ्या शेडचे भाडे आणि गुंतवलेल्या पैशाचे व्याज सोडून खर्च दाखव?

याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. सरकारच्याच तक्त्याखाली बारीक अक्षरांत टीप असते की मालदांडी ज्वारी आणि लांब धाग्याचा कापूस यांचा खर्च वेगळा काढलेला नाही. म्हणजे ज्या मालदांडीवर रब्बीचा कोरडवाहू शेतकरी जगतो, तिचा खर्च मोजलेलाच नाही आणि तरी मथळा म्हणतो दीडपट! न मोजलेल्या वस्तूची दीडपट करणारे हे गणित आम्हाला कृषी महाविद्यालयात तरी कोणी शिकवले नव्हते.

शिवाय हमीभाव जाहीर होणे आणि हातात पडणे यात अंतर आहे. ८,११० चा मथळा वाचून गाडी भरली की केंद्रावर कळते, २०२५ पासून मोबाईलवर आधी नोंदणी लागते, ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की कट्टी लागते आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. दव खाल्लेल्या पहिल्या वेचणीचा ओलावा किती असतो ते तुम्हाला सांगायला नको. गाडी परत फिरली की वाटेत खेडा खरेदीवाला उभाच असतो.

दिलासा कोणाचा?

आतापर्यंत सांगितले ते मथळे शेतकऱ्याला फसवणारे. त्याहून घातक आहेत ते शहराला फसवणारे, कारण त्यांच्यावरून धोरण ठरते.

२०२३ च्या मे महिन्यात टोमॅटो किलोला दोन-तीन रुपये झाला. नाशिककडे शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला, बागा मोडल्या. बागा मोडल्या म्हणून जुलैमध्ये टंचाई झाली आणि भाव शंभराच्या पुढे गेला. तेव्हा जुन्नर भागातल्या एका शेतकऱ्याच्या कमाईची बातमी देशभर गाजली. टोमॅटो विकून करोडपती! किती एकर, किती भांडवल, आधीच्या किती हंगामांचा तोटा, हे मथळ्यात नव्हते. तो एक माणूस लाखांत एक होता. मथळ्याने त्याला सगळ्या शेतकऱ्यांचा चेहरा करून टाकले. ऑगस्टमध्ये सरकारने नेपाळातून टोमॅटो आणायचे जाहीर केले. त्याच महिन्यात कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लादले आणि डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली. सप्टेंबरमध्ये टोमॅटो पुन्हा मातीमोल झाला. तेव्हा 'भिकेला लागलेला टोमॅटोवाला' असा मथळा देशभर गाजला का?

शब्द पाहा. भाव चढला की 'भडका', 'रडवले', 'बजेट कोलमडले'. भाव पडला की 'दिलासा'. आम्ही कोल्हापुरात बसून हे लिहितो. आमच्या जिल्ह्यात इचलकरंजी आहे. तिथे तुमच्या कापसाचे सूत यंत्रमागावर चढते. कापूस चढला की इकडची बातमी येते, सूत महागले, माग अडचणीत. कापूस पडला की माग सुरळीत. माग चालवणारा कामगारही गरीब आहे, त्याच्याशी आपले भांडण नाही. पण एकाच भावाला एका जिल्ह्यात संकट आणि दुसऱ्यात दिलासा म्हणायचे, आणि मथळ्यात नेहमी एकाच बाजूचा शब्द घालायचा, ही बातमी झाली की वकिली?

२०२५ च्या १९ ऑगस्टला कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ झाले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग दहा दिवस जातात न जातात तोच डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमके तुमच्या वेचणीचे महिने. मथळ्यांचा सूर काय होता? वस्त्रोद्योगाला दिलासा. तो दिलासा कोणाच्या खिशातून निघाला, हे सांगायला मथळ्यात जागा उरली नाही. त्या हंगामात कापूस खुल्या बाजारात हमीभावाच्या खाली विकला गेला, त्यात या दिलाशाचा वाटा आहे.

पावसाचा मथळा आणि पाकिटाची किंमत

२०२५ साली मान्सून केरळात २४ मे रोजी आला आणि २६ मे रोजी मुंबईत. मोबाईलवर उत्सव सुरू झाला. मान्सून महाराष्ट्रात दाखल, बळीराजा सुखावला. पण मे अखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत त्याची वाटचाल थबकली. कृषी खाते त्याच वेळी पेरणीची घाई करू नका असे सांगत होते. तो सल्ला रुक्ष, त्याला कोण बोट लावणार?

मान्सून 'दाखल' होणे ही हवामान खात्याची नकाशावरची रेघ आहे. तुमच्या रानातली ओल ती नव्हे. पेरणीला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झालेला हवा आणि काळ्या रानात ओल वीतभर खाली उतरलेली हवी. हे न पाहता मथळ्यावर टोबणी केली आणि पंधरा दिवस उघाड पडली, तर सरकी मातीत भाजते. कापसाचे ४७५ ग्रॅमचे पाकीट २०२५ साली ९०१ रुपयांचे होते. दुबार पेरणीचे पाकीट बातमीवाला आणून देत नाही.

जागा नाही म्हणे!

यावर उत्तर ठरलेले आहे. मथळा छोटा असतो, त्यात सगळे कसे मावणार? आम्ही म्हणतो, 'पंचगंगा ४१ फुटांवर' हे तीन शब्दांत मावते. 'अकोल्यात कापूस सरासरी इतका', 'कोरडवाहूला एकरी इतके', हेही मावते. 'हे वाचून तुम्हीही थक्क व्हाल' याला जास्त जागा लागते. तेव्हा प्रश्न जागेचा नाही, नियतीचा आहे.

दुसरे उत्तर असे की लोकांनाच असले आवडते. लोकांना माहिती हवी असते म्हणूनच ते बोट लावतात. तहानलेल्या माणसाला मृगजळ दाखवायचे आणि वर म्हणायचे, बघा, याला मृगजळच आवडते!

शेतकऱ्याला आपली बातमी आपणच छापावी लागते, हे आजचे नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली 'दीनबंधु' काढला तो याच गरजेतून. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून 'दीनमित्र' नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून चालवला. त्यांच्याकडे खिळे जुळवायचीही मारामार होती. आपल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, आणि आपण त्यावर करतो काय? न वाचता पुढे ढकलतो.

म्हणून जिल्ह्याच्या बैठकीपुढे आम्ही चार ठराव ठेवत आहोत.

एक. प्रत्येक गावच्या शाखेने चावडीवर फळा लावावा. त्यावर जवळच्या दोन बाजार समित्यांची आवक, किमान, कमाल आणि सरासरी दर तारखेसह लिहावा. शाखेतल्या एकाने ही जबाबदारी घ्यावी. सरासरी दर मोठ्या अक्षरांत, कमाल बारीक अक्षरांत.

दोन. घोषणा कितीही कोटींची असो, बैठकीत ती एकरी रुपयांत आणि कोणत्या तारखेला हातात, या दोन मापांतच बोलली जावी. आपले पुढारीही याला अपवाद नाहीत.

तीन. प्रत्येक शिवारात पाऊस मोजावा. महागडे यंत्र नको. सरळ कडेचा, तळ आणि तोंड सारखे असलेला डबा उघड्यावर ठेवा, सकाळी पट्टीने पाणी मोजा आणि ओतून द्या. जेवढे मिलिमीटर पाणी तेवढा पाऊस. त्याला महसूल मंडळाच्या केंद्राचा आकडा जोडून पाहा. पेरणी त्यावर ठरवा.

चार. आत उघडून न वाचलेली, तारीख नसलेली किंवा प्रश्नचिन्ह लावलेली बातमी शाखेच्या गटावर कोणी टाकू नये. टाकली तर पुढच्या बैठकीचा चहा त्याच्याकडे.

ठराव मंजूर झाले तर येत्या वेचणीपासून फळे लागले पाहिजेत. खडू आणि फळ्याचा खर्च एका बियाण्याच्या पाकिटाहून जास्त येणार नाही.